पेपर कुजला नाही, फाटला : सॉइल बरियल टेस्टबद्दल थोडं कडू

पेट पास झालेले बरेच जण मला आपला सिनॉप्सिस वाचायला पाठवतात. विषय प्लास्टिकचा असला की त्यात एक परिच्छेद हमखास सापडतो. फिल्मचे चौकोनी तुकडे कापायचे, मातीत पुरायचे, दर पंधरा किंवा तीस दिवसांनी काढायचे, धुवायचे, वाळवायचे, वजन करायचं. वजनात जेवढी घट, तेवढं जैवविघटन. झालं. हीच ती सॉइल बरियल टेस्ट. खर्च नाही, मशीन नाही, कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही. मीही एम.एस्सी.च्या डेझर्टेशनला हेच केलं होतं, त्यामुळे पुढे जे कडू लिहितोय ते आधी मलाच लागू आहे, हे धरून चाला.

आमचं शेत जामनेरच्या बाहेर, कांग नदीच्या अंगाला. काळी माती. कपाशी, थोडी केळी, आणि अलीकडे मिरची-कलिंगडाला मल्चिंग पेपर. आमच्याकडे प्लास्टिक हा शेतीचाच भाग आहे. जळगावच्या जैन इरिगेशनचे भवरलाल जैन मूळचे आमच्याच तालुक्यातल्या वाकोदचे, आणि ठिबकच्या नळ्या नाहीत असं केळीचं शेत इकडे शोधून सापडणार नाही. तर मी जूनमध्ये बांधाजवळ तीन प्रकारचे तुकडे पुरले: मल्चिंग पेपर, साधी कॅरीबॅग, आणि बाजारातून आणलेली 'कंपोस्टेबल' असं छापलेली एक पिशवी. पहिला पाऊस झाल्यावर काढून वजन केलं तर वजन वाढलेलं. घाबरलो. परत धुतले, परत वाळवले, तेव्हा कुठे ते मूळ आकड्याच्या जवळ आलं. पुढे श्रावणात-भाद्रपदात मल्चिंगचे तुकडे उकरताना हातातच चिरफाळ्या होऊन आले आणि वजनात छान घट दिसायला लागली. मी खूश. बाजूला आमचे आप्पा, म्हणजे माझे काका, उभे होते. ते म्हणाले, "पेपर कुजला नाही रे, फाटला. अर्धा तर खालीच राहिला."

मी हसलो आणि वहीत 'बायोडिग्रेडेशन' असं लिहून टाकलं.

आता त्या वहीकडे परीक्षक म्हणून बघू. सुरुवात साध्या गणितापासून, कारण हे गणित बहुतेक सिनॉप्सिसमध्ये कुणी केलेलंच नसतं. तुकडा समजा ५ सें.मी. बाय ५ सें.मी., जाडी २५ मायक्रॉन, पॉलिइथिलीनची घनता ०.९२. आकारमान येतं ०.०६२५ घन सें.मी. आणि वजन साधारण ५७ मिलिग्रॅम. एका चिमटीपेक्षा कमी. त्यावर २ मिलिग्रॅम माती चिकटून राहिली तर चूक झाली साडेतीन टक्क्यांची. आणि आपण पेपरमध्ये काय वाचतो? 'नव्वद दिवसांत ४ टक्के घट.' ही घट मातीपेक्षा मोठी आहे की नाही, हेच मुळात ठरवता येत नाही. तोच तुकडा १२० मायक्रॉनचा घ्या. वजन २७६ मिलिग्रॅम, आणि त्याच २ मिलिग्रॅमची चूक पाऊण टक्क्यावर येते. म्हणजे पातळ फिल्म घेतली की टक्केवारी आपोआप फुगते, मग ती घट असो की चूक. विघटन पृष्ठभागावरून होतं, म्हणून टक्के सांगण्याऐवजी दर चौरस सेंटिमीटरला किती, असं सांगायला हवं. २०२० मध्ये चामास आणि सहकाऱ्यांनी एसीएस सस्टेनेबल केमिस्ट्री अँड इंजिनिअरिंगमध्ये पर्यावरणातल्या प्लास्टिकच्या विघटनाच्या वेगांचा मोठा आढावा घेतला, तेव्हा वेगवेगळ्या अभ्यासांची तुलना करण्यासाठी त्यांना पृष्ठभागावर आधारलेला वेगच वापरावा लागला. नुसत्या टक्क्यांची एकमेकांशी तुलना होत नाही.

मातीचं सांगतो, कारण इथे आपल्या भागाची खास गोची आहे. काळी माती म्हणजे बेसॉल्टपासून झालेली, माँटमोरिलोनाइट गटाच्या चिकणमातीने भरलेली. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आक्रसून भेगा पडतात. उन्हाळ्यात ज्या भेगेत हात जातो ती पावसाळ्यात दिसतही नाही. या फुगण्या-आक्रसण्यात पातळ फिल्म ताणली जाते, चुरगळते, फाटते. यात एकाही जिवाणूचा हात असायची गरज नाही. आणि ही माती फिल्मला अशी बसते की साध्या पाण्याने निघत नाही. जोरात घासली तर फिल्मचे कण निघतात, हळू धुतली तर माती राहते. पहिल्यात वजन खोटं कमी होतं, दुसऱ्यात खोटं वाढतं. माझ्या पहिल्या महिन्याच्या 'वाढलेल्या' वजनाचं कारण हेच.

मग परीक्षक म्हणून मी काय विचारीन? धुतलेलं पाणी कुठे गेलं? मोरीत. त्यात फिल्मचे बारीक कण होते का? पाहिलं नाही. म्हणजे जो भाग सूक्ष्मप्लास्टिक होऊन पाण्याबरोबर गेला तो तुमच्या तक्त्यात 'जैवविघटन झालं' या रकान्यात बसला. सगळ्यात वाईट परिणाम सगळ्यात चांगल्या परिणामाच्या नावाने नोंदवला गेला. ही चाचणीतली किरकोळ त्रुटी म्हणून सोडून देता येत नाही. चाचणी नेमकी उलटी वाचली गेली.

दुसरी गंमत मिश्रणांची. पॉलिइथिलीनमध्ये स्टार्च घालून फिल्म करायची, पुरायची, आणि वजन घटलं की 'बायोडिग्रेडेबल फिल्म' असं शीर्षक द्यायचं. समजा २० टक्के स्टार्च घातला. मातीतले जीव स्टार्च खाणारच, त्यात नवल काय? आलेख चढत जातो आणि २० च्या अलीकडे कुठेतरी सपाट होतो. तो सपाट भाग ओरडून सांगत असतो की जे खाण्यासारखं होतं ते संपलं, पॉलिइथिलीन आहे तिथेच आहे, उलट भोकं पडून आणखी ठिसूळ झालंय. पण प्रयोग साठ दिवसांतच थांबवला तर सपाट भाग दिसतच नाही. त्यामुळे असा पेपर हातात आला की निष्कर्ष वाचायच्या आधी मिश्रणाचं प्रमाण बघा आणि घटीचा शेवटचा आकडा त्याच्या शेजारी ठेवा. कॅरीबॅगमध्ये भरलेल्या कॅल्शियम कार्बोनेटबाबतही हीच सावधगिरी. फिल्म भुसभुशीत होऊन पूड निसटली तर वजन कमी होतं, प्लास्टिकचा एक रेणूही न तुटता.

इथे बरेच जण म्हणतात, 'सर, आम्ही एफटीआयआर पण काढतो.' काढा की. पण कशाचा? मातीतून काढलेल्या फिल्मच्या स्पेक्ट्रममध्ये १०३० प्रति सें.मी.च्या आसपास रुंद शिखर आलं की 'सी-ओ बंध तयार झाले, ऑक्सिडेशन सिद्ध' असं लिहिलेलं मी वाचलंय. चिकणमातीचा सिलिकॉन-ऑक्सिजन बंध नेमका तिथेच येतो. ३४०० च्या आसपास रुंद शिखर? ओलावा असू शकतो. १६४०-१६५० ला? पाणी, नाहीतर फिल्मवर वाढलेल्या जीवांची प्रथिनं. १५४० च्या जवळ जोडीदार शिखर असेल तर प्रथिनांचाच संशय घ्यायचा. पॉलिइथिलीनच्या ऑक्सिडेशनसाठी बघायचं ते १७१५ च्या आसपासचं कार्बोनिल, आणि तेही त्याच फिल्मच्या न पुरलेल्या पण तेवढंच ऊन खाल्लेल्या तुकड्याशी ताडून. कारण कार्बोनिल करणारा पहिला गडी जिवाणू नसतो, ऊन असतं. खानदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हाबद्दल मी वेगळं सांगायला नको.

ही चूक फक्त आपल्यासारखे जिल्ह्याच्या गावातले विद्यार्थी करतात असं नाही. २०१७ मध्ये करंट बायोलॉजी या नामांकित नियतकालिकात बोंबेली, हाव आणि बर्तोकिनी यांचा छोटा लेख आला: मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या पॉलिइथिलीन विघटित करतात. शंभर अळ्यांनी पिशवीला भोकं पाडली आणि बारा तासांत ९२ मिलिग्रॅम वजन घटलं. अळीने फक्त चावून चुरा केला नाही हे दाखवायला त्यांनी अळ्यांचा लगदा फिल्मवर लावून ठेवला, त्यातही घट दिसली, आणि एफटीआयआरमध्ये आलेली नवी शिखरं एथिलीन ग्लायकॉलची म्हणून सांगितली. बातमी जगभर गेली. काही महिन्यांतच जर्मनीतल्या माइंत्सच्या वेबर, पुश आणि ओपात्झ यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. त्यांनी फिल्मला डुकराच्या मांसाचा खिमा आणि अंड्याचा बलक फासला आणि स्पेक्ट्रम काढला. शिखरं जवळपास तीच आली! म्हणजे जे दिसत होतं ते प्रथिनं आणि चरबीचे अवशेष असण्याची शक्यता मूळ लेखाने बाद केलीच नव्हती. पुढे २०२२ मध्ये बर्तोकिनींच्या गटाने नेचर कम्युनिकेशन्समध्ये अळीच्या लाळेतली विकरं दाखवली, त्यामुळे प्रश्न तिथेच मेला असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या कामाचा भाग आहे तो खिमा-बलकाचा प्रयोग. विचार करा, काय लागलं त्याला? एफटीआयआर, आणि 'माझ्या निष्कर्षाशिवाय दुसऱ्या कशाने हे दिसू शकेल?' हा प्रश्न. आपल्या काळ्या मातीसाठी तोच प्रयोग असा: न पुरलेल्या नव्या फिल्मला ओली माती फासा, दोन दिवस ठेवा, नेहमीसारखी धुवा, वजन आणि स्पेक्ट्रम घ्या. दोन दिवसांत काही कुजत नाही, त्यामुळे जे दिसेल ती तुमच्या पद्धतीची चूक. हा एक तुकडा जास्तीचा घेतला असता तर माझं अर्धं डेझर्टेशन मीच रद्द केलं असतं.

कुणी म्हणेल, एवढं कशाला ताणायचं, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आहेत. ताणायचं कारण असं की या शब्दावर आता बाजार उभा आहे. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली. केंद्राच्या नियमांनी कॅरीबॅगची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. कंपोस्टेबल पिशवीला मात्र जाडीची अट नाही, तिने आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात बसायचं आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यायचं. म्हणजे पातळ पिशवी विकायचा कायदेशीर रस्ता या एका शब्दातून जातो. २०२४ च्या दुरुस्तीत जैवविघटनशील प्लास्टिकची व्याख्या करताना सूक्ष्मप्लास्टिक मागे राहता कामा नये, असंही घातलं आहे. आता माझ्या मोरीत गेलेलं पाणी आठवा. कायदा नेमकं जे विचारतो, तेच आपली आवडती चाचणी धुऊन टाकते.

मानकं वाचायचा कंटाळा करू नका, असं मी नेहमी सांगतो, त्याचं कारण इथे दिसेल. १७०८८ म्हणतं: कंपोस्टमध्ये, ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास, जास्तीत जास्त १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर. शिवाय बारा आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ मालाच्या १० टक्क्यांहून जास्त उरता कामा नये. या दोन वेगळ्या अटी आहेत आणि त्यांना दोन वेगळी नावं आहेत. पहिली बायोडिग्रेडेशन, दुसरी डिसइंटिग्रेशन. कुजणं आणि फाटणं. आप्पांनी बांधावर उभं राहून जो फरक सांगितला तोच मानकात छापलेला आहे, आणि मी एम.एस्सी. होऊनही तो वाचला नव्हता.

या मानकावरही माझा आक्षेप आहेच. ५८ अंश कुठे मिळतात? मोठ्या, नीट चालवलेल्या कंपोस्ट प्रकल्पात. घरामागच्या उकिरड्यात ते तापमान सहा महिने टिकत नाही. मे महिन्यात काळ्या रानात अनवाणी पाय ठेवता येत नाही हे खरं, पण ती धग कोरडी असते, आणि ओल नसली की जीव काम करत नाहीत. हे तापमान काही हवेतून आलेलं नाही. अशा पिशव्यांत पीएलए असतं, आणि त्याचं काचेसारखं कडकपण सुटतं ते ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान. त्याखाली ते फार सावकाश तुटतं. म्हणून १७०८८ चं प्रमाणपत्र असलेली पिशवी कांगेच्या काठावर पडली तर काय होईल, याचं उत्तर त्या प्रमाणपत्रात नाही. प्रमाणपत्र खोटं नसतं, प्रश्न वेगळा असतो. मातीत नांगरून टाकायच्या मल्चिंग पेपरसाठी युरोपने २०१८ मध्ये ईएन १७०३३ हे वेगळंच मानक केलं: २० ते २८ अंशांची माती, दोन वर्षांची मुदत, ९० टक्के. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे बघा. 'कुजला' याचा पुरावा म्हणून वजन कुणीच मागत नाही. कार्बन कुठे गेला ते मागतात.

मग आपल्यासारख्यांनी काय करायचं? कार्बन डायऑक्साइड मोजायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. झाकणबंद बाटली, आत माती आणि नमुना, आत एका छोट्या भांड्यात सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. निघालेला वायू त्यात शोषला जातो, बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेट बाजूला पाडायचं आणि उरलेल्या अल्कलीचं हायड्रोक्लोरिक आम्लाशी टायट्रेशन. बी.एस्सी.ला केलंय सगळ्यांनी. मधून मधून झाकण उघडून हवा बदलायची, नाहीतर जीव गुदमरतात. तीन प्रकारच्या बाटल्या हव्यातच: नमुन्याची, नुसत्या मातीची, आणि सेल्युलोजची. नुसत्या मातीची कारण माती स्वतःही श्वास घेते, तो वजा करायचा. सेल्युलोजची कारण तोच कुजला नाही तर तुमची माती मेलेली आहे आणि चाचणी बाद. कंपोस्टच्या चाचणीत तर ४५ दिवसांत सेल्युलोज ७० टक्क्यांच्या पुढे गेलाच पाहिजे अशी अटच आहे.

पण याही पद्धतीची मर्यादा आधीच लिहा. आपला ५७ मिलिग्रॅमचा पॉलिइथिलीनचा तुकडा आख्खा कुजला तर सुमारे १८० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघेल. एक टक्का कुजला तर १.८. मातीच्या स्वतःच्या श्वासातली चढउतार त्याहून सहज मोठी असते. त्यामुळे बाटली आणि ब्युरेट घेऊन स्टार्च किंवा पीबीएटीच्या पिशवीबद्दल बोलता येईल, साध्या पॉलिइथिलीनबद्दल नाही. तिथे खुणेचा कार्बन लागतो. स्वीडनच्या ॲन-क्रिस्टिन अल्बर्टसन यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ घातलेलं पॉलिइथिलीन मातीत ठेवून दहा वर्षं वाट पाहिली, आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडलेला वाटा अर्ध्या टक्क्याच्याही आत होता. दहा वर्षांत अर्धा टक्का! हा आकडा टेबलावर चिकटवून ठेवा आणि मग 'साठ दिवसांत १२ टक्के' वाचा. झुरिचच्या झुमश्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेसमध्ये कार्बन-१३ घातलेल्या पीबीएटीचा माग काढला, आणि तो कार्बन वायूत तर दिसलाच, पण बुरशी-जिवाणूंच्या शरीरातही दिसला. ते काम आपल्या आवाक्यातलं नाही, पण त्याची रचना वाचण्यासारखी आहे. शंका कुठून येऊ शकते हे आधी मांडून मग एकेक दार बंद केलंय.

सॉइल बरियल टेस्ट फेकून द्या, असं मी म्हणत नाहीये. ती फाटण्याची चाचणी म्हणून चांगली आहे, फक्त तिला त्याच नावाने हाक मारा. आणि फाटणं हा आमच्याकडे काही दुय्यम प्रश्न नाही. कलिंगड निघालं की मल्चिंग पेपर उचलायचा असतो. एका ओढीत सरीभर निघाला तर भंगारवाला घेतो. चिंध्या झाल्या तर मजूर लावून वेचायला परवडत नाही, मग एकतर बांधावर पेटवतात नाहीतर रोटाव्हेटर फिरतो आणि सगळं जमिनीत. साध्या प्लास्टिकच्या बाबतीत इथे गुणवत्ता आणि पर्यावरण एकाच बाजूला असतात: पेपर हंगाम संपेपर्यंत मजबूत राहायला हवा. युरोपात उचलून घ्यायच्या मल्चिंगसाठीही वेगळं मानक आहे, ईएन १३६५५. मोजायचं काय तर पेपर तुटेपर्यंत किती ताणतो ते. नव्या पेपरच्या तुलनेत ताण निम्म्यावर आला की आयुष्य संपलं, असं साधारण धरतात. मातीखाली दाबलेली कडा, उन्हातला मधला भाग आणि रोपाच्या भोकाजवळचा भाग, तिन्हींच्या पट्ट्या वेगळ्या घ्यायच्या. लांबीच्या दिशेने आणि आडव्या दिशेने वेगळ्या. ताणमापक यंत्र कॉलेजात नसेल तर छत्रपती संभाजीनगरला सिपेट आहे.

माझ्या पीएच.डी.तला एक भाग आता हाच आहे. यंदा आप्पांच्या दोन सऱ्यांवर मी लाल सुतळी बांधून ठेवली आहे. तेवढा पेपर माझ्यासाठी, दर महिन्याला हातभर कापायचा. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं, "भोकं पाडून नेतोस, तण उगवलं तर कोण निंदणार?" या प्रश्नासाठी मी पद्धतीच्या प्रकरणात अजून जागा शोधतोय. सध्या तरी निंदायला मीच जातो.